बाथरूमला गटारीचा वास येतोय? टाइल फोडायच्या आधी हे करून बघा

प्रश्न असा आहे : "पाथर्डी फाट्याजवळ सात वर्षांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. दोन महिने झाले, बेडरूमच्या बाथरूमचं दार सकाळी उघडलं की गटारीचा वास अंगावर येतो. रात्रभर दार लावून एक्झॉस्ट फॅन चालू ठेवते, तरी तेच. सुट्टीत गावी जाऊन आलो की घरभर वास. दुपारी स्वयंपाकघरातही येतो. अ‍ॅसिड, फिनाईल, ड्रेन पावडर, बेकिंग सोडा-व्हिनेगर सगळं टाकून झालं. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा सुरू. वरच्यांनी फ्लश केला की आमच्या नहाणीतून गुडगुड आवाज येतो. प्लंबर म्हणतो टाइल फोडून ट्रॅप बदलावा लागेल. काय करू?"

ताई, टाइलला अजून हात लावू देऊ नका. नाशकात मी 26 वर्षं हेच काम करतोय, सिडकोतल्या जुन्या घरांपासून गंगापूर रोडच्या नव्या टॉवरपर्यंत. वासाच्या तक्रारीत खरोखर फरशी फोडावी लागली अशी घरं मी बोटांवर मोजू शकतो. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला तीन वेगवेगळी कारणं दिसतात आणि एकालाही छन्नी-हातोडा लागत नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. ड्रेनेजच्या पाइपात वास असतोच. तुमच्याही पाइपात आहे, माझ्याही घरच्या पाइपात आहे. साबण, केस, तेल, मैला आत कुजत राहतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच तो सडक्या अंड्यासारखा वास. तो पाइपात राहतो आणि घरात येत नाही, कारण मध्ये पाणी उभं असतं. नहाणीच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या भोकाच्या, जाळीखाली, बेसिनखालच्या वाकड्या पाइपात, कमोडच्या भांड्यात, सगळीकडे साधारण दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर पाणी कायम साचलेलं राहील अशीच रचना असते. पाणी खाली जातं, पण खालची हवा त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. ट्रॅप म्हणतात तो हाच. घरात वास आला, याचा अर्थ कुठेतरी हे दोन इंच पाणी जागेवर नाही, किंवा त्या पाण्याला वळसा घालून हवा यायला फट सापडली आहे. म्हणून वरून काहीही ओतलं तरी दोन दिवसांचाच फरक पडतो. अ‍ॅसिडने वास गेला असं वाटतं, पण अ‍ॅसिडमागोमाग तुम्ही जे बादलीभर पाणी ओतता, त्या पाण्याने तो गेलेला असतो.

आज रात्री एवढं करा. बेडरूमच्या बाथरूममधली नहाणीची जाळी उचला आणि मोबाइलची बॅटरी सरळ खाली मारा. पाणी असेल तर आरशासारखं चमकतं, तुमच्याच बॅटरीचा ठिपका त्यात दिसतो. चमक दिसली नाही, नुसती काळी ओलसर भिंत दिसली, तर ट्रॅप कोरडा आहे. पाणी दिसलं तर लगेच उठू नका, पाचेक मिनिटं तिथेच बसा. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की ते पाणी थरथरतं, एखादा बुडबुडा फुटतो, आणि कधी कधी तुमच्या डोळ्यांदेखत पातळी बोटभर खाली जाते. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी घरमालकालाही वाकून बघायला लावतो. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मग अ‍ॅसिडची बाटली पुन्हा घरात येत नाही.

आता तुमच्या एक्झॉस्ट फॅनचं. वास जावा म्हणून तुम्ही तो रात्रभर लावता, पण माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. पंखा बाथरूममधली हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. दार घट्ट, दाराखाली उंबरा, खिडकी बंद, मग पंखा ती हवा नहाणीतून ओढतो. ट्रॅपमध्ये पाणी थोडं असेल तर त्यातून बुडबुडे येतात, आणि सततच्या वाऱ्याने ते पाणी सुकतंही लवकर. रात्रभर असं चाललं की सकाळी दार उघडल्यावर वास अंगावर येणारच. उदबत्ती पेटवून जाळीजवळ धरा, पंखा चालू आणि दार बंद ठेवून. धूर नहाणीकडून वर, पंख्याच्या दिशेला झपकन गेला तर हवा पाइपातून येतेय हे नक्की. मग दार बोटभर उघडं ठेवून तीच परीक्षा करा, फरक दिसेल. इलाज बिनखर्चाचा आहे : अंघोळीनंतर अर्धा तास पंखा, तोही दार किंचित उघडं ठेवून किंवा दाराला खालून हवेची जाळी बसवून. रात्रभर नको.

गावाहून आल्यावर घरभर वास येतो त्याचं कारण वेगळं आहे. नाशकात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी असते. ज्या नहाणीत रोज पाणी जात नाही, ती पंधरा-वीस दिवसांत कोरडी पडलेली मी पाहिली आहे. पाणी आधीच कमी असेल तर आठवडाही पुरतो. आणि घरात अशी एक तरी नहाणी असतेच जी सगळे विसरतात. तुमच्याकडे ड्राय बाल्कनी असेल, वॉशिंग मशीन तिथे असेल. मशीनचा पाइप एका भोकात आणि दुसरी नहाणी कोपऱ्यात, कुंड्यांच्या मागे. तिच्यात कुणी पाणी टाकतच नाही. दुपारी वारा सुटला की तो वास बाल्कनीतून थेट स्वयंपाकघरात. तुम्हाला वाटतं सिंकचा वास आहे. पाहुण्यांचं बाथरूम, गॅलरी, वापरात नसलेलं बेसिन, या सगळ्यांत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी घालायची सवय लावा. मी घरी रविवारी झाडांना पाणी घालतानाच तेवढं करून टाकतो. लांब जाणार असाल तर पाणी घालून वर दोन-तीन चमचे गोडेतेल सोडा. तेल पाण्यावर तरंगतं आणि पाणी उडू देत नाही. परत आल्यावर बादलीभर पाणी मारलं की तेल निघून जातं.

गुडगुड आवाजाचं कारण मात्र तुमच्या घरात सापडणार नाही, ते गच्चीवर असतं. उभ्या पाइपातून वरच्या मजल्याचं पाणी धाडकन खाली येतं तेव्हा त्याच्यामागे पोकळी तयार होते. ती भरायला गच्चीवर पाइपाचं तोंड उघडं ठेवलेलं असतं, त्याला व्हेंट म्हणतात, वर जाळीची टोपी असते. ते तोंड बंद झालं की पाइप हवा घ्यायला तुमच्या नहाणीचं पाणी ओढतो. गुडगुड ऐकू येते ती त्याचीच. सकाळी सहा ते आठ इमारतीत सगळ्यांची घाई असते, सगळा मारा तेव्हाच होतो, म्हणून सकाळी वास जास्त.

इंदिरानगरला एका चार मजली इमारतीत हेच झालं होतं. तळमजल्यावरच्या आजी वर्षभर वासाने हैराण होत्या, दोनदा ट्रॅप बदलून झाला होता. मी आधी गच्चीवर गेलो. वॉटरप्रूफिंग करताना कामगारांनी व्हेंटमध्ये माल पडू नये म्हणून सिमेंटची गोणी कोंबली होती आणि ती तशीच राहिली, वर उन्हापावसाने दगड झालेली. काढायला अर्धा तास लागला. संध्याकाळी आजींचा फोन आला की आवाज थांबला. तेव्हापासून वासाच्या कामाला गेलो की मी आधी गच्चीची किल्ली मागतो. सोलर बसवताना पाइप आडवा आला म्हणून कापून बूच मारलेलं, टोपीत कबुतराने घरटं केलेलं, वासाच्या भीतीने कुणी तोंडावर बादली पालथी घातलेली, असं सगळं सापडतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना बरोबर घ्या, वर जाऊन बघा. वर तोंड मोकळं असेल आणि तरी गुडगुड असेल, तर खाली चेंबरची झाकणं उघडायला लावा. चेंबर तुंबलं असेल तर पाइपातल्या हवेला खाली जायला वाट नसते, ती तुमच्या ट्रॅपमधून वर येते. पावसाळ्यात हे जास्त होतं. जुन्या नाशकात तर गोदावरीचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की सराफ बाजाराकडच्या घरांत मोऱ्यांमधून वास आणि पाणी दोन्ही उलटं येतं. तिथे घरातल्या ट्रॅपचा काही उपयोग नाही, बाहेरच्या लाइनला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लागतो.

सिंक. ओट्याखालचं कपाट उघडा, डबे बाजूला करा आणि पाइप कुठे जातो ते बघा. दहातल्या सात घरांत मला हेच दिसतं : सिंकच्या जाळीखाली नळीदार, ताणता येणारा वेस्ट पाइप आणि त्याचं टोक भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या मोठ्या पाइपात नुसतं खुपसलेलं. भोवताली बोटभर फट. तिथून हवा, झुरळं, सगळं येतं. फटीभोवती जुनं फडकं गुंडाळलेलं असतं, ते स्वतःच कुजून वास मारतं. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचं रबरी बूच मिळतं, मध्ये भोक असलेलं. ते पाइपावर चढवून घट्ट बसवा. वेस्ट पाइपाला खाली ट्रॅप नसेल तर बॉटल ट्रॅप लावून घ्या, काही शे रुपयांचं आणि वीस मिनिटांचं काम आहे. जागा नसेल तर तोच नळीदार पाइप यू आकारात वळवून केबल टायने बांधा. खालच्या वळणात पाणी उभं राहतं, तोच ट्रॅप झाला. फक्त वळण सरळ होणार नाही असं पक्कं बांधा. कपाटात डबा सरकवताना ते हमखास सुटतं.

बॉटल ट्रॅप आधीपासून असेल तर त्याची खालची वाटी हाताने फिरवून उघडा, खाली बादली ठेवून. आत काय निघतं ते बघून तुम्हीच थक्क व्हाल. मिसळीची तर्री, लोणच्याचं तेल, तूप, भाताची पेज यांचा राखाडी लगदा असतो, बोटाने उचलला तर साबणाच्या चिखलासारखा लागतो. डिसेंबर-जानेवारीत नाशकात गारठा पडला की हे जास्त होतं. खोबरेल तेल 24 अंशांखाली थिजतं, वनस्पती तूप तर नेहमीच्या हवेतही घट्ट असतं, मग गार पाइपात त्याचं काय होत असेल बघा. म्हणून कढई, तव्याचं तेल आधी रद्दी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, मग भांडं धुवा. सांगायला लहान गोष्ट आहे, पण सिंकच्या कामाला मला जिथे वारंवार बोलावतात, ती सगळी हे न करणारी घरं असतात.

नहाणी साफ करायची तीही हातानेच. रबरी हातमोजे घाला, जाळी काढा, आत उलट्या वाटीसारखा कप असेल तर तो फिरवून काढा. जाड तारेचा आकडा करून केसांचा गोळा ओढून घ्या. मग जुन्या टूथब्रशने ट्रॅपची कड, कपची आतली बाजू आणि जाळीची खालची बाजू घासा. हाताला लागणारा तो बुळबुळीत काळसर थर म्हणजे जिवंत जंतूंची साय आहे आणि अर्धा वास तीच देते. तो थर घासल्याशिवाय निघत नाही. धुण्याचा सोडा मूठभर, वर अंघोळीचं कढत पाणी, एवढं पुरे. चुलीवरचं उकळतं पाणी ओतू नका, पीव्हीसीचा पाइप आणि त्याचे सांधे त्याने मऊ पडतात. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकलं की फसफसतं, बघायला छान वाटतं, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि शेवटी राहतं बहुतेक खारट पाणी. ब्रशला त्याचा पर्याय नाही.

तो कप मात्र धुऊन पुन्हा जागेवर बसवा. पाणी हळू जातं म्हणून कामवाल्या मावशी किंवा घरातलंच कुणी तो काढून ठेवतं आणि तो हरवतो. उथळ नहाणीत सगळं पाणी त्या कपमुळेच अडलेलं असतं, तो गेला की झाकणच गेलं. तुमच्या बाथरूममध्ये दोन महिन्यांपूर्वी कुणी साफसफाई केली होती का, आठवून बघा.

अ‍ॅसिड आणि ड्रेन पावडरबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. टॉयलेट क्लीनर आणि टाइल साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते पडलेल्या जागी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच टाकलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो फुफ्फुसं जाळतो. ड्रेन पावडर म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा, पाण्याशी गाठ पडली की उकळल्यासारखी तापते, आणि अ‍ॅसिडवर पडली तर उसळून अंगावर येते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका घरी तुंबलेली नहाणी उघडताना माझ्या डाव्या मनगटावर असंच पाणी उडालं. सकाळीच त्यात अख्खं पाकीट टाकलं होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. डाग अजून आहे. तुम्ही आतापर्यंत काय काय टाकलंत ते जो कुणी कामाला येईल त्याला आधी सांगा. तो मोजे घालेल, आधी भरपूर पाणी सोडेल. शिवाय अ‍ॅसिडने टाइलमधलं ग्राऊट झिजतं, जाळीचा मुलामा जातो, आणि कपलिंगचा सांधा उघडा पडला की वासाला नवी वाट मिळते. मखमलाबाद, आडगावकडच्या ज्या बंगल्यांना सेप्टिक टँक आहे, त्यांनी तर हे टाकूच नये. टँकमधलं काम जंतू करतात, तेच मेले तर वास दुप्पट होतो. टँक दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसून घ्यायचा. आणि कितीही घाई असली तरी माणूस आत उतरवायचा नाही. सुरक्षा साधनांशिवाय ते 2013 च्या कायद्याने बंद आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी आतला वायू क्षणात बेशुद्ध करतो. प्रमाण जास्त असलं की नाकच मरतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं हवा स्वच्छ आहे. या धंद्यातली माणसं अशीच गेली आहेत.

कमोडही एकदा तपासा. भांड्यावर बसून हलकेच डावी-उजवीकडे झुका. जरा जरी डुगडुगलं, किंवा तळाशी पांढऱ्या सिमेंटला केसासारखी चीर दिसली, तर मागच्या जोडणीतलं रबर सुटलेलं असू शकतं. भांडं खोलून नवा कनेक्टर टाकायचा, फरशी शाबूत राहते. आणि वास फक्त गरम पाण्याला येत असेल, तोही बोअरच्या पाण्याला, तर तो गीझरच्या टाकीतला आहे, ड्रेनेजचा नाही. स्वयंपाकघरात मासळी शिजल्यासारखा किंवा जळका वास एखाद्या स्विचपाशी येत असेल तर प्लंबर सोडा आणि त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवा, वायर तापतेय.

फरशी कधी फोडायची? खालच्या मजल्यावर तुमच्या बाथरूमखालच्या छताला ओल आली असेल, पापुद्रे सुटत असतील, ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतून वर कुणी पाणी वापरत नसताना तासाभरात पातळी खाली जात असेल, तर ट्रॅप किंवा सांधा फुटलेला आहे. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात, गळकं पाणी तिथे साठून कुजतं. तो वास वरून कशानेच जात नाही. तेव्हा फोडा, आणि फोडताच आहात तर वॉटरप्रूफिंगही नीट करून घ्या. तुमच्या खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत बघून या. दुसऱ्या मजल्यावरचे लोक दार उघडतील, चहाही देतील.

हे सगळं एकदम करू नका, नाहीतर कशाने वास गेला ते कळणार नाही. शनिवारी संध्याकाळी घरातल्या प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, सिंकमध्ये तांब्याभर पाणी घाला. रात्री झोपताना पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी तोंड बांधून प्रत्येक नहाणीवर ठेवा, ती स्वतःच्या वजनाने भोकाला चिकटून बसते. सिंकच्या कपाटातल्या फटीला टेप लावा, कमोडचं झाकण पाडा, पंखा बंद. रविवारी सकाळी वास नसेल तर दर दोन तासांनी एकच पिशवी उचला, आधी बेडरूमच्या बाथरूमची, मग ड्राय बाल्कनीची, टेप सगळ्यात शेवटी. तपासायला दर वेळी बाहेर जिन्यात जाऊन पाच मिनिटांनी आत या, कारण घरात बसून राहिलं की नाकाला सवय होते. सगळं बंद असूनही सकाळी वास असलाच, तर कमोडचा तळ आणि खालच्यांचं छत बघायचं. कोणती पिशवी उचलल्यावर वास आला आणि गच्चीवर व्हेंटचं तोंड कसं होतं, एवढं कळवा. त्यावरून नेमकं काय बदलायचं ते सांगता येईल.